धुळ्याची वाचणारी

आमच्याकडे मुलीवाले नाही म्हणत नाहीत. कळवतो म्हणतात. शेवभाजी चापून खातात, आईच्या हाताचं कौतुक करतात, घराच्या मागची विहीरसुद्धा वाकून बघतात आणि गाडीत बसताना म्हणतात, "कळवतो." मग कोणी काही कळवत नाही. माझ्या भावाच्या बाबतीत हे इतक्या वेळा झालं की पुढेपुढे घरात कोणी सहज जरी "कळवतो" म्हटलं, तरी आई उठून आत जायची. शेवटी मी वैतागले. जे काम मी पोटासाठी दुसऱ्यांचं करते, तेच भावासाठी करायचं ठरवलं.

मी जळगावात वेबसाइट सांभाळते. साइट बनवणारे वेगळे, सांभाळणारे वेगळे. प्रत्येक साइटच्या मागे एक मोजणी चालू असते. कोण आलं, कुठल्या शहरातून आलं, किती वेळ थांबलं, पान किती खाली सरकवलं आणि कुठल्या ओळीवरून निघून गेलं, हे सगळं त्यात दिसतं. येणाऱ्याचं नाव कळत नाही, पण तो कुठे अडखळला ते कळतं. त्याला ॲनालिटिक्स म्हणतात. ऑफिसात आम्ही नुसतं 'आकडे' म्हणतो. एका क्लासवाल्या सरांच्या साइटवर पालक फीच्या पानापर्यंत यायचे आणि परत जायचे. सर म्हणाले, फी जास्त वाटत असेल, कमी करू का? मी आकडे पाहिले. फी सगळे नीट वाचत होते. तिच्याखाली बॅचच्या वेळांचा तक्ता होता आणि मोबाईलवर तो अर्धाच दिसत होता, लोक तिथून जात होते. तक्ता नीट केला, फोनचं बटण वर आणलं, आणि सरांचा फोन वाजायला लागला. असं काही जमलं की मला माझ्याच डोक्याचं फार कौतुक वाटतं. नवरा म्हणतो, तुझी दृष्ट तूच काढत जा.

भाऊ माझ्याहून लहान. आमचं गाव एरंडोलच्या पुढे, आत. कपाशी, थोडी केळी, विहिरीला बारमाही पाणी. बीएस्सी झालेला आहे, कसलं व्यसन नाही, दिसायला तर घरात सगळ्यांत चांगला. नाना, म्हणजे आमचे वडील, गेले तेव्हा तो पुण्यात नोकरी शोधत होता. तेराव्यानंतर परत गेलाच नाही. कोणी त्याला थांब म्हटलं नव्हतं. कपाशीला पाणी द्यायचं होतं म्हणून थांबला आणि मग थांबलाच.

मुलींना शेतीवाला नको असतो. त्यांना दोष देणं मला जमत नाही, कारण माझ्या लग्नाच्या वेळी मीच नानांना बजावून सांगितलं होतं की शेतीवाला बघू नका. आजही तेच सांगेन. पण भावाकडे पाहिलं की मला त्या सगळ्या मुलींचा आणि त्यांच्या आईबापांचा संताप येतो. एकाच तोंडाने मी दोन्ही बोलते.

तर मी त्याच्या बायोडेटाचं एक पान बनवलं. वर गणपती, मग फोटो, शिक्षण, उंची, मामांचं कुळ, व्यवसाय, घराचा फोटो आणि सगळ्यांत खाली अपेक्षा. अपेक्षेत लोक सुशिक्षित, मनमिळाऊ वगैरे लिहितात. भावाला विचारलं तर म्हणाला, "तुले जे वाटस ते लिख, अक्का." मी पिच्छाच पुरवला. तेव्हा त्याने व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवली. बोलतो आमची खानदेशी, पण लिहिलं शाळेतल्या शुद्ध मराठीत: संध्याकाळी घरी आल्यावर बोलायला कोणी असावं, एवढीच अपेक्षा.

मी लगेच फोन केला. म्हटलं, हे काय लिहिलंस, घरात आई नाही का बोलायला?

"माय शे ना," तो म्हणाला. "पन माय आते बोलस कोठे?"

ते खरं होतं. नाना होते तेव्हा आईचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. ते गेले आणि ती गप्प झाली. भाऊ मुळातच कमी बोलणारा. ती वाढते, तो जेवतो, ती भांडी आवरते, तो मोबाईल घेऊन ओट्यावर बसतो. मी माहेरी गेले की दोघंही माझ्याशी भरभरून बोलतात, पण वेगवेगळे. एक स्वयंपाकघरात, एक ओट्यावर. ती ओळ मी होती तशीच ठेवली.

आकड्यांच्या कामात एक गोष्ट आधी करायची असते. आपली माणसं मोजणीतून वगळायची. नाहीतर दुकानाचा मालक स्वतःच उठताबसता साइट उघडतो आणि गिऱ्हाईक वाढलं म्हणून खूश होतो. मी माझा मोबाईल वगळला, नवऱ्याचा वगळला, ऑफिसचे कॉम्प्युटर वगळले. भावाला दम दिला की तू हे पान उघडायचं नाहीस. साक्रीच्या मावशीला, चुलत्यांना, सगळ्यांना सांगून झालं की पुढे पाठवा, पण स्वतः उघडत बसू नका. आईला काही सांगितलं नाही. तिच्याकडे माझा जुना मोबाईल होता. त्यावर ती माझ्या मुलांना बघायची आणि सकाळी देवाची गाणी लावायची. तिला लिंक उघडता येत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

समाजाच्या ग्रुपांवर पान फिरलं. लोक आले. जळगाव, धुळे, नाशिक, सुरत, पुणे. फोटोवर थांबले, शिक्षणावर थांबले, मामांच्या कुळावर तर चांगलेच रेंगाळले, कारण तिथे प्रत्येकजण आपलं नातं निघतंय का ते बघतो. पुढची ओळ होती, व्यवसाय: शेती. तिथून सगळे गेले. आजपर्यंत "कळवतो" म्हणून जे कोणी कळवलं नव्हतं, ते आकड्यांनी एका आठवड्यात कळवलं.

मी हार मानणाऱ्यातली नाही. 'शेती'चं 'बागायती शेती' केलं. मग 'आधुनिक शेती, ठिबक सिंचन' केलं. पान उघडायला वेळ लागत असेल म्हणून फोटो हलके केले. पान झटकन उघडायला लागलं आणि लोक झटकन जायला लागले. ती ओळच घराच्या फोटोखाली नेली, तर लोक घर बघून, तिथपर्यंत येऊन गेले. भावानेही काही बाकी ठेवलं नाही. न्हाणीघराला फरशी बसवली, पुढच्या भिंतीला रंग दिला. एकदा जळगावात, पिंप्राळ्याला माझ्याकडे आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, आणि आमच्या कॉलनीत शेजाऱ्यांची गाडी उभी होती तिला टेकून म्हणाला, "आठे काढ ना एक फोटो." मी काढला. छान आला होता. पानावर मी तो लावला नाही आणि त्यानेही पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर एकदा फोनवर म्हणाला, "अक्का, शेती काढीच टाक ना तठून."

"मग काय लिहू?"

"काहीच नको लिखू."

मी त्याच्यावर ओरडले. नाना असते तर काय म्हणाले असते, असलं काहीतरी बोलले, जे बोलायचं नसतं. त्याने ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. मग मी स्वयंपाकघरात जाऊन, कामवाली बाई भांडी घासून गेलेली असताना, तीच भांडी परत घासत बसले. घासता घासता रडू आलं. ज्या ओळीवर घर चालतं, तीच त्याला खोडून हवी होती.

नंतर धुळ्याची आली.

नाव तर कळत नाही, म्हणून आम्ही तिला धुळ्याची म्हणायचो. मोबाईलवरून यायची, दुपारी यायची, जवळजवळ रोज. इतरांसारखी फोटो बघून पळणारी नव्हती. सावकाश खाली यायची. घराच्या फोटोवरून पुढे जायची, शेतीच्या ओळीवरून पुढे जायची आणि शेवटच्या ओळीपाशी, अपेक्षेपाशी, थांबायची. बराच वेळ थांबायची. मी कितीतरी साइटींचे आकडे पाहिलेत. पानाच्या तळाशी इतका वेळ कोणी बसत नाही.

शहराच्या नावावर फार भरवसा ठेवायचा नसतो, हे मला माहीत आहे. मोबाईलचं ठिकाण कंपनीच्या जाळ्यावरून ठरतं. माझा नवरा पिंप्राळ्यात सोफ्यावर बसलेला असतो आणि आकड्यांत नाशिक दिसतो. नव्या पोरांना हे मीच शिकवते. पण धुळं म्हटल्यावर मला धुळंच हवं होतं. देवपूर भागातली एखादी मुलगी, डी.एड. झालेली, दुपारी घरात सगळे झोपल्यावर मोबाईल घेऊन बसणारी. बापाला सांगायचा धीर होत नसेल. मी तिला चष्मासुद्धा लावून टाकला होता.

भावाला सांगितलं. सांगायला नको होतं असं आता वाटत नाही, कारण त्या दिवसांत तो जितका बोलला तितका मी त्याला कधी बोलताना पाहिलं नव्हतं. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. आधी कपाशीचं, मग केळीचं, मग उगाच नवऱ्याच्या तब्येतीचं विचारायचा आणि शेवटी म्हणायचा, "धुयेवाली उनी व्हती का?"

"आली होती."

"खालपावत?"

"हो, पार खालपर्यंत."

मग म्हणायचा, "बरं, ठेवस."

आईलाही त्याने सांगितलं होतं. आई मला फोनवर म्हणाली, "पद्मालयना गणपतीले बोलेल शे मी. धुयानं जमनं ते अकरा नारळ." म्हणजे नवस बोलली होती, धुळ्याचं जमलं तर अकरा नारळ. तिच्या आवाजात मला जुना, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा आवाज थोडासा ऐकू आला.

दिवस जात राहिले. फोन काही येईना. पानावर भावाचा नंबर होता, माझा होता. धुळ्याची यायची, वाचायची, जायची. आखाजीच्या आधी भाऊ म्हणाला, "ती एवढं वाचस, मंग बोलस का बरं नही?"

मी म्हटलं, लाजत असेल.

"मंग तिनासाठे एक ओय टाक."

ओळ त्यानेच पाठवली, पुन्हा शुद्ध मराठीत. मी ती अपेक्षेच्या खाली टाकली: एवढं वाचता, तर एकदा बोला.

आखाजीला मी माहेरी गेले. अक्षय तृतीयेला आमच्याकडे लेकी माहेरी येतातच. न जाण्याचा प्रश्न नसतो. सकाळी नानांच्या नावाने घागर भरली, आईने खापरावर मांडे केले, आंब्याचा रस झाला. गल्लीतल्या लेकी लिंबाखाली झोक्यावर गाणी म्हणत होत्या. जेवण झाल्यावर भाऊ मोटार चालू करायला वावरात गेला. ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा बाहेर नव्हती. मी मधल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले, कारण एका दुकानाची साइट सणाच्या दिवशीच बंद पडली होती. ती चालू केली आणि सवयीने भावाचं पान बघायला गेले.

आत्ता साइटवर कोण आहे, हे दाखवणारा एक भाग असतो. तिथे होतं: एक. खाली शहर: धुळे.

सणाच्या दिवशीसुद्धा आली, म्हणजे मनात पक्कं असणार. भावाला फोन लावावा म्हणून मोबाईल शोधायला मान वर केली, तर समोर, मागच्या दाराच्या उंबऱ्यावर, आई बसली होती. नाकावर चष्मा, हातात माझा जुना मोबाईल, आणि बोट स्क्रीनवर. आई बोट ठेवून वाचते. चौथीपर्यंत शाळा, एकेक अक्षर लावत जाते. बोट हळूहळू खाली सरकत होतं.

मला तेव्हाच कळलं, पण मला ते कळून घ्यायचं नव्हतं. अंगणात कोंबडी वाळवणाकडे आली, म्हणून आईने मोबाईल बंद करून बाजूला ठेवला आणि हाकलायला उठली. मी लॅपटॉपकडे बघत राहिले. थोड्या वेळाने एकचं शून्य झालं. आई परत येऊन बसली, पदराला हात पुसले, मोबाईल उघडला. शून्याचं एक झालं. धुळे.

मी उठून तिच्याजवळ जाऊन बसले.

"काय वाचस, माय?"

"भाऊनं," ती म्हणाली. "साक्रीनी मावशीनी धाडं व्हतं. मी जपी ठेयेल शे."

"रोज वाचस?"

"दुपारले वाचस. तो वावरमा जास तवय." जरा थांबून म्हणाली, "घरमा तो काय बोलस? वाढ, पुरे, लाईट गयी. आठे तेना मनमानं लिखेल शे." त्याच्या मनातलं इथे लिहिलेलं आहे. तिचं बोट त्या ओळीवर होतं: संध्याकाळी घरी आल्यावर बोलायला कोणी असावं.

ती ओळ तिने रोज वाचली होती. संध्याकाळी तो घरी येतो तेव्हा घरात तीच असते, आणि बोलायला कोणी असावं हे तिने त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं, माझ्या पानावर वाचलं होतं. एकदा वाचून तिला ते पुरलं नसणार. मी ज्याला आशा म्हणून मोजत होते ते हे होतं.

बोट खाली सरकलं. नव्या ओळीवर आलं. तिने अक्षरं लावली, "एव-ढं वाच-ता, तर एक-दा बो-ला." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हाई नवी ओय शे. कोनले सांगस तो?"

"तुले," मी म्हटलं. "तुले सांगस, माय."

आई हसली. "चाल. मनासंगे बोलाले तेले लिखनं पडस का?" माझ्याशी बोलायला त्याला लिहावं कशाला लागेल, असं. मग चेहरा एकदम उजळला. "ती धुयेवालीसाठे व्हई."

मी हो म्हटलं. तिने मोबाईल बंद करून पदराखाली ठेवला आणि भावाच्या चहासाठी दूध तापवायला गेली. मी लॅपटॉपवर शून्य होईपर्यंत बघत बसले. आईचा मोबाईल मोजणीतून वगळणं एका मिनिटाचं काम होतं. मी ते केलं नाही. केलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून पानावर शून्य दिसलं असतं आणि मला ते भावाला सांगावं लागलं असतं.

भाऊ ऊन उतरल्यावर आला. पाय धुतले, ओट्यावर बसला. आईने चहा दिला. एरवी ती कप ठेवून आत जाते. त्या दिवशी गेली नाही, त्याच्या शेजारी खांबाला टेकून बसली. "मोटार चालू व्हयनी का?" तिने विचारलं.

"हां," तो म्हणाला.

"पानी पुरनं?"

"हां."

तिने अजून काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो कपात बघत होता. गल्लीत झोक्यावरच्या पोरींनी नवं गाणं धरलं होतं. मग त्याने माझ्याकडे मान वळवली आणि आईसमोर विचारावं की नाही अशा आवाजात विचारलं, "अक्का, धुयेवाली उनी व्हती का आज?"

आईही माझ्याकडे बघायला लागली. दोघांचे डोळे एकसारखे आहेत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"उनी व्हती," मी म्हटलं.

"नवी ओय वाची तिनी?"

"वाची."

आईने हात पुढे करून त्याच्या पाठीवर ठेवला.

"मंग बोलनारच ती," आई त्याला म्हणाली. "थोडी वाट देख."